देवगावहून देवगडला

देवगाव रंगारीत पाणी दिसलं की माणसाला आधी हंडा आठवतो. मला मात्र वर्षभर शिडाची होडी आठवते आहे. तीसेक फुटी, घरापुरती. आत चौघांना झोपायला फळ्या, कोपऱ्यात शेगडी, वर एक डोलकाठी. गोव्याहून निघायचं आणि किनारा धरून मालवण, देवगड, जयगड करत वर यायचं.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "अन् उभी कुठं करायची? ट्रॅक्टरशेजारी?"

शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. वारा समोरून असला की साधारण ४५ अंश तिरकं जायचं, मग दुसऱ्या अंगाला वळायचं. नागमोडी का होईना, पुढे सरकतेच. मीही विषय तिरका काढला. म्हटलं, अजिंठा आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून गोव्यात फळ्या काथ्यानं शिवून 'कौंडिण्य' बांधलं आणि मे २०२५मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. समुद्र नसलेल्या जिल्ह्यानं नौदलाला नमुना पुरवला! मग दुसऱ्या अंगाला वळलो: आपले दिलीप दोंदे २००९-१०मध्ये ५६ फुटी 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून आले.

"एकटेच ना? मग तुम्ही पण एकटेच जा."

वारा पडला. पण खरं सांगतो, होडीवरच्या संसाराला आमच्याइतकं तयार घर सापडायचं नाही. तिथं टाकीतलं गोडं पाणी पुरवून पुरवून वापरायचं असतं. आम्ही टँकरवर उन्हाळे काढलेत, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालतो. तिथं वाऱ्याची वाट पाहायची असते. आमचे आजोबा खळ्यात तिवईवर उभं राहून, धान्यानं भरलेली पाटी धरून, दुपार दुपार तेच करायचे. होडी कलंडू नये म्हणून तिच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असतं. आमच्याकडे आई आहे. ओसरीवर बसून असते, फारसं बोलत नाही. पण घर कितीही कललं तरी पुन्हा सरळ होतं.

तेव्हा खलाशी तयार आहेत. पोहणं तेवढं राहिलंय. विहिरीला पाणी आलं की शिकू.