पळस फुलला, शर्ट सांभाळा

पळस फुलला की आमच्या अमरावतीच्या घरातले केशरी कपडे गायब होतात. सुनेचा कुर्ता ड्रायक्लीनिंगला जातो, तो होळी उलटेपर्यंत परत येत नाही. मुलाचा टी-शर्ट नेमका मित्राकडे राहतो. नातू तर केशरी फेटा उशीखाली घेऊन झोपतो. चोराचिलटाची भीती नाही. उलट घरात चोर शिरलाच, तर त्यानंच अंगावरचा शर्ट सांभाळावा, अशी माझी कीर्ती आहे. मी गोधड्या शिवते, आणि मला त्या निसर्ग पाहून सुचतात.

कवींचं बरं असतं. पळस पाहिला, दोन ओळी लिहिल्या, मोकळे झाले. कागद काही कुणाच्या अंगावरून ओढावा लागत नाही. गोधडीवालीला निसर्ग नुसता रंग दाखवतो आणि हात झटकतो. कापड घरच्यांकडूनच मिळवावं लागतं.

‘मग विकत आण की,’ असं आमचे वकीलसाहेब दर मोसमात सुचवतात. पण नवं कापड गोधडीला चालत नाही, हा सासूबाईंचा कायदा, आणि त्यावर अपील नाही. कायद्यामागं कारणही आहे. वापरलेलं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, सुई अडत नाही. आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सोडायचा तेवढा सोडून झालेला असतो. नवं कापड मधे लावा, पहिल्याच धुण्यात ते आखडतं, भोवताली चुण्या पडतात आणि शेजारच्या तुकड्याला आपला रंग देऊन मोकळं होतं. शिवाय अंगाला ऊब येते ती थरांमधे कोंडलेल्या हवेमुळं. चार मऊ लुगडी एकावर एक पडली की ती हवा आपोआप धरली जाते. सारांश, जुनंच पाहिजे. आता जुनं कशाला म्हणायचं, एवढाच आमच्या घरातला वाद.

वऱ्हाडात ऋतू पाहायला कुठं लांब जावं लागत नाही. परतवाड्यावरून सेमाडोहच्या रस्त्याला लागलं की फाल्गुनात पानगळ झालेल्या जंगलात पळस पेटलेला दिसतो. होळीच्या दिवसांत मेळघाटातली कोरकू मंडळी फगव्यासाठी गाडी अडवतात. तिथं सुटका पैशांवर होते. घरी आल्यावर मीही फगवा मागते, पण तो कपड्यांत.

पावसाळ्यात चिखलदरा. पंचबोल पॉइंटला उभं राहून आवाज दिला की तो दरीतून पुन्हा पुन्हा ऐकू येतो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा धुकं असं, की आवाज देणारा माणूसच दिसेना. ‘झालं ना निसर्ग पाहून?’ असं कुणीतरी म्हणालं, ते ‘हे’च असावेत. मी मात्र त्या धुक्याची गोधडी केली: पांढरी, राखाडी, पुन्हा पांढरी. मामेसासऱ्यांची धोतरं त्यात गेली. पाहुण्या आलेल्या वयनी म्हणाल्या, “छान आहे हो अस्तर! वरची बाजू कधी लावता?”

खरा धोका मात्र पऱ्हाटीचा. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी होऊन कोमेजायला लागतं. एकाच झाडावर कालचं आणि आजचं फूल शेजारी शेजारी. त्यापायी सुनेच्या दोन ओढण्या एकदम गेल्या. ती बिचारी मानी, म्हणाली, “आई, बोंड फुटायच्या आधी बाबांना सांगून ठेवा.” कारण बोंडं फुटली, शेतात सीतादही झाली, पहिला वेचा सुरू झाला, की जिकडं पाहावं तिकडं पांढरं. आणि वकिलाच्या कपाटात दुसरं असतं काय? दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमचे साहेब शर्ट मोजून इस्त्रीला देतात आणि मोजून घेतात.

शकुंतला ही आगगाडी होती तोवर माझी मोठी सोय होती. मूर्तिजापुरातून एकीकडं अचलपूर, दुसरीकडं यवतमाळ, रूळ अरुंद आणि घाई कुणालाच नाही. 1994 साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, तरी स्वभाव तोच राहिला. खिडकीत बसून शेतातलं जवसाचं निळं फूल ओळखता येत असे. ते फूल सकाळचंच. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. आता गाडीही नाही, आणि जवसाचं शेतही शोधत जावं लागतं. म्हणून निळा रंग मुलाच्या जीन्समधून भागवते.

अमरावती-अकोला रस्त्यानं तर मला ठिगळं लावण्याचं शास्त्रच शिकवलं. खड्ड्यावर ठिगळ, ठिगळात खड्डा, त्यावर पुन्हा ठिगळ. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मग जून 2022 मधे लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरून झाला आणि गिनीज बुकात गेला. एकसंध, काळा, सपाट. साहेब खूश. “बघ, याला म्हणतात काम! तुझी एक गोधडी दिवाळीपासून चाललीय.” मी म्हटलं, रस्त्याला टाके घालावे लागत नाहीत.

टाक्यांच्या बाबतीत सासूबाई फार कडक. जमिनीवर लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि जे जड हाताला लागेल ते ठेवायचं, सुरकुत्या तळहातानं मधून काठाकडं काढायच्या, कच्चे टाके घालायचे आणि मग काठापासून आत आत फिरत यायचं. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याहून लांब पडला की सासूबाई चष्म्यावरून पाहतात. “याच्यात पायाचा आंगठा अडकते ना वं. झोपनाऱ्याची काई दया नाई तुले?”

त्या मूर्तिजापूरकडच्या. निसर्ग पाहायला मी गाडी काढून जाते, हे त्यांना मुळीच पटत नाही. “झाडं कायले पाह्यतं? कपाट पाह्य. फाटलं ते घे, शिव, पांघर. रंग आपोआप येते.” पण वेळ आली की पक्ष माझाच घेतात. एकदा साहेब चौकड्याच्या शर्टावर अडून बसले. त्याच सुमारास आम्ही गाडगेनगरला समाधीच्या दर्शनाला गेलो. गाडगेबाबा 1876 साली जन्मले ते अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात आणि वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडं. म्हणजे अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांचे. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. सासूबाईंनी हात जोडले आणि तिथंच लेकाला सुनावलं, “बाबानं जनमभर चिंध्या घातल्या. तुले एक शर्ट सोडनं होत नाई?” शर्ट त्याच संध्याकाळी मिळाला.

त्या विजयाच्या भरात मी त्यांना जीज बेंडची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या अलाबामात कापसाच्याच मुलखातलं हे छोटं गाव. तिथल्या कृष्णवर्णी बायांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर चित्रांसारख्या लागल्या. त्यातल्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं 1942 साली नवऱ्याचे कामाचे कपडे घेऊन गोधडी केली, ती आज जगप्रसिद्ध आहे.

“नवऱ्यानं दिले?” साहेबांनी विचारलं.

“तो वारला होता.”

“वारल्यावर घेतले ना? मी अजून बसलोय.”

तेव्हापासून त्यांनी एक युक्ती काढली. मला फिरवायचं ते फक्त वैशाखात. पळस ओसरलेला, कापूस विकलेला, चिखलदऱ्याला धुकं नाही, अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास आणि शेतात काडी नाही. रंगच नाही म्हटल्यावर मागणार काय? परवा असंच अकोल्याचं काम उरकून परतत होतो. एसी चालू, साहेब निवांत, अंगात चक्क नवा पांढरा शर्ट. मी खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून पडलेली जमीन सुरू झाली. ढेकळं उन्हात तापत पडलेली, पावसाची वाट पाहत. काळीभोर. इतका भरीव काळा माझ्या एकाही गोधडीत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. मी मान वळवून मागं पाहिलं.

मागच्या खिडकीच्या हुकला साहेबांचा कोट लटकत होता.

“त्यातून सुई जायची नाही,” पुढं पाहतच ते म्हणाले.

“दाभण आहे घरात.”

उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नसते. तरीही साहेबांनी गाडी कडेला घेतली, कोट काढून अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि अमरावतीपर्यंत घाम पुसत गाडी चालवली.