सावलीच पुसट पडते हल्ली

मोतीबिंदू झालेला माणूस आपल्या डोळ्यांना कधी दोष देत नाही. वर्तमानपत्रवाले शाईत काटकसर करतात, बल्ब पूर्वीसारखे निघत नाहीत, समोरून येणारे गाडीवाले मुद्दाम डोळ्यांवर हेडलाइट मारतात, अशी त्याची तक्रार असते. त्यात लबाडी नसते. हा विकार दुखत नाही, डोळा लाल करत नाही आणि इतक्या सावकाश येतो की कालच्यापेक्षा आज काही बिघडलं असं वाटतच नाही. मग बिघडलं असेल तर जगच, हा निष्कर्ष तसा तर्काला धरूनच आहे.

जयपूरला राहणारे माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याची चूक शोधण्यात हयात गेली असल्यामुळे त्यांनी सुरुवात थेट सूर्यापासून केली. महाराष्ट्रातून पाहुणा आला की त्याला जंतरमंतर, म्हणजे सवाई जयसिंहाची वेधशाळा, दाखवायचं हा त्यांचा नेम. जयसिंहाच्या पदरी सम्राट जगन्नाथ नावाचे मराठी पंडित होते आणि त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला, हे ऐकवल्याशिवाय ते तिकीट काढत नसत. मग सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचून दाखवत. एका खेपेला ते रेघांवर बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, “सावलीच पुसट पडते हल्ली.” गंमत म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. सूर्याचं बिंब म्हणजे टिंब नव्हे. त्यामुळे इतक्या उंच भिंतीच्या सावलीची कड मुळातच धूसर असते. आणि अर्धसत्याचा आधार मिळाला की काका जागचे हलत नाहीत.

पुढचा आक्षेप रंगाऱ्यांवर. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी सवाई रामसिंहांनी शहर रंगवून घेतलं. नाव गुलाबी पडलं, तरी तो रंग गेरूच्याच जातीचा. काकांच्या मते आता तो पार मातकट झाला होता. त्याच सुमारास त्यांना वाचायला चष्मा लागेनासा झाला. “या वयात नंबर उतरला!” असं म्हणत ते बाकावर बसून चष्म्याशिवाय पेपर वाचून दाखवू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांना हा चमत्कार चांगला ओळखीचा आहे. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तशी जवळची नजर काही काळ सुधारते आणि लांबची ढासळते. हे बक्षीस नसून नोटीस असते.

शेवटी डॉक्टरांकडे जावंच लागलं. त्यांनी समजावलं ते मात्र काकांना पटकन पटलं. डोळ्यातलं भिंग हे एखाद्या सरकारी दफ्तरासारखं असतं. तिथून जुना कागद कधी बाहेर जात नाही. नव्या पेशी बाहेरून चढतात, जुन्या आत दाबल्या जातात आणि अगदी मधला गाभा तर आपल्या जन्माच्याही आधीचा. वय, ऊन, तंबाखू, मधुमेह, स्टेरॉइडची औषधं यांनी त्यातली प्रथिनं गढुळतात, पिवळी-तपकिरी होतात. ती निवळतील असे थेंब कुठल्याही बाटलीत मिळत नाहीत.

शेजारी मात्र म्हणत होते, “अभी पकने दो, भाईसाब.” मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचा सल्ला जुन्या काळच्या शस्त्रक्रियेचा. आता रोजची कामं अडू लागली की वेळ झाली. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो. उन्हाळा-हिवाळा पाहण्याचीही गरज उरलेली नाही. दातांवरचं कीटण काढणारं ध्वनिलहरींचं यंत्र पाहून चार्ल्स केलमन यांना भिंग आतल्या आत फोडून शोषून घेण्याची कल्पना सुचली आणि १९६७मध्ये फेको शस्त्रक्रिया जन्माला आली. दंतवैद्याच्या खुर्चीत बसून इतकं उपयोगी दुसऱ्या कोणाला सुचलं असेल असं वाटत नाही. नवं भिंग बसवण्याची सुरुवात त्याआधीची. विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत बिनतक्रार राहतात, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी युद्धकाळात पाहिलं आणि १९४९मध्ये तसंच भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं.

काकांची शस्त्रक्रिया पाऊण तासही चालली नाही. मावशीची मात्र पुढे कित्येक आठवडे चालली. थेंब घालण्याआधी हात धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं थांबायचं, डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, रात्री डोळ्यावर झाकण. दुखू लागलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचे. काकांनी या सगळ्याचं रजिस्टर आखलं. थेंब मावशीने घालायचे आणि सही काकांनी करायची. दुपारचा थेंब दहा मिनिटं उशिरा पडला तर शेरा येई. पथ्याबद्दल काकांचा एकच प्रश्न होता: प्याज कचोरी चालेल का? डोळ्याची हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शुगरची आहे, असं मावशी म्हणाली.

पट्टी निघाली आणि काकांना निळा रंग परत मिळाला. तपकिरी झालेलं भिंग निळाच जास्त अडवतं. दिवाणखान्यातली ब्लू पॉटरीची सुरई त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पांढरी भिंतही त्यांना निळसर वाटत होती. मेंदूला नव्या हिशेबाची सवय व्हायला काही आठवडे-महिने लागतात. जोहरी बाजारात उभं राहून त्यांनी एकदा हा डोळा झाकला, एकदा तो, आणि निकाल दिला: “शेवटी रंगाऱ्यांनी काम नीट केलं म्हणायचं.”

आता प्रश्न दुसऱ्या डोळ्याचा होता. दोन डोळ्यांत फार तफावत राहिली तर जिन्याच्या पायरीचा अंदाज चुकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका टाळाटाळ करत होते.

“घाई काय आहे? एक जुना असू दे. त्यातून माणसं जरा मवाळ दिसतात.”

“म्हणजे माझ्या सुरकुत्या दिसत नाहीत, असंच ना?” मावशीने विचारलं. काकांनी रजिस्टर उघडलं.

“पुढच्या मंगळवारची तारीख घेतलीय,” ती म्हणाली. “जन्मभर माझा जमाखर्च तपासलात, आता तोंडही नीट तपासून घ्या.”

काकांनी खाली सही केली. शेरा मात्र लिहिला नाही.