लेकरासह रात्रभर, तिकिटाविना

पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून मोकळ्या माळावर गाणं ऐकायची चटक शहरांना लागली. आता जाहिरातींत 'तंबूत राहा, मुलांनाही आणा' असंही असतं, आणि मग आईबापांची झोप उडते. लेकराचे कान झाकणारे हेडफोन कुठले घ्यावेत? झोपेचं वेळापत्रक मोडलं तर बालरोगतज्ज्ञ काय म्हणतील?

त्यापेक्षा नवरात्रात माहूरला या. रेणुकामातेच्या गडाखाली ताडपत्री पसरली की तंबू झाला. मनगटाला पट्टा नाही, पण जावळ काढलेलं डोकं लांबूनही ओळखू येतं. गोंधळाला कोण कोण येणार हे नमनातच कळतं: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, यजमानीण अर्थातच माहूरची. इतकी तगडी नावं एका मंचावर आणणारा आयोजक मुंबईत दाखवा. संबळ कडाडतो, तुणतुणं त्याला धरून राहतं, अन् दीड वर्षाचं पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपतं. घरी मिक्सर लावला की हेच पोर किंचाळून उठतं.

खाण्याचे स्टॉल? लेकरांना चिवडा, मोठ्यांना कुटलेला तांबूल.

सगळंच गोड आहे असं नाही. कर्णा आवाजाची मर्यादा पाळत नाही. हरवलेल्या लेकरांची घोषणा होते, तर लेकरू आपलं नाव 'बाळू' आणि बापाचं 'पप्पा' एवढंच सांगतं. शौचालयाचं मात्र विचारू नका. त्या बाबतीत तिकीटवाल्यांची शिकवणी लावायला हरकत नाही, फीसुद्धा देऊ.