उंची वाढवण्याचा खात्रीशीर उपाय

भुसावळहून येणारी गाडी मथुरा ओलांडून फरीदाबादकडे सरकली की रुळांकडेच्या भिंती वैद्यकीय सल्ला देऊ लागतात. मूळव्याध, मधुमेह, मूल न होणं आणि चारचौघांत बोलता येत नाही ते सगळं. खाली मोबाइल नंबर. दिल्लीत शिरणाऱ्याची नाडी पाहायला वैद्य स्टेशन येईपर्यंतही थांबत नाहीत.

याच दिल्लीत 1954 साली औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. कर्करोग, मधुमेह, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीसुद्धा त्याच्या यादीत आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायची नाही. जाहिरात म्हणजे काय, तर लेखी, तोंडी, उजेडाने, आवाजाने किंवा धुराने केलेली घोषणा. धुराचासुद्धा विचार करणारे हे कायदेपंडित दिल्लीचं भविष्य जाणून होते, भिंती तेवढ्या राहून गेल्या असाव्यात.

आता एम्ससमोरच्या फुटपाथवर या. दंडाला ताईत, काखेत तपासण्यांची फाइल, आणि नंबर लागायची वाट पाहणारा एक माणूस. विवेकवादी म्हणेल, ही अंधश्रद्धा. भाविक म्हणेल, श्रद्धेनेच गुण येतो. त्या माणसाला या वादात रस नाही. तो देवालाही हात जोडतो आणि डॉक्टरलाही, आणि गोळ्या वेळेवर घेतो. त्याच्या श्रद्धेचा कुणाला उपद्रव नाही, कारण ती तो कुणाला विकत नाही.

कायद्याचाही रोख श्रद्धेवर नाही, दुकानावर आहे. पण दुकान मोठं असलं की उद्घाटनाला मंत्री येतात. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीत पतंजलीने कोरोनावरचं औषध म्हणून 'कोरोनिल'चा गाजावाजा केला, तेव्हा व्यासपीठावर आपले नितीन गडकरी होते आणि आरोग्यमंत्री हर्षवर्धनही होते, जे स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेला मग खुलासा करावा लागला की आम्ही कोरोनावरच्या कुठल्याही पारंपरिक औषधाला प्रमाणपत्र दिलेलं नाही.

पुढे इंडियन मेडिकल असोसिएशन पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांत माफी छापली. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिरातींएवढीच मोठी आहे का? दुसऱ्या दिवशी माफीनामा मोठा होऊन आला. उंची वाढवून देण्याची जाहिरात कायद्याने मना असेल, पण एका प्रश्नात रातोरात उंची वाढल्याचं हे उदाहरण देशाने छापील पाहिलं.

तेव्हा चमत्कार करणाऱ्याने खुशाल करावा. फक्त पक्कं बिल फाडावं, त्यावर रोगाचं नाव लिहावं, बरा होण्याची तारीख टाकावी आणि खाली सही करावी. भिंतीवर एवढं मोठं लिहिणाऱ्याला कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?