टॉर्क सर

पुण्यात अमुक एका गोष्टीचा क्लास मिळत नाही, असं म्हणायची सोय नाही. सदाशिव पेठेत विजेच्या खांबाला टेकलं तर एमपीएससीची जाहिरात शर्टाला चिकटून घरी येते. मोडी लिपीचा क्लास आहे, ढोलताशाचा आहे, मोदकाच्या कळ्या पाडायचासुद्धा आहे. तरीही माझ्या भाचीला बायोमेकॅनिक्स शिकवणारा माणूस शोधायला मला दीड महिना लागला.

भाची फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यांच्यातली बरीच मुलं दहावीनंतर गणिताचं विसर्जन करून मोकळी होतात, तेही ‘पुढच्या वर्षी लवकर या’ न म्हणता. मग बारावी, नीट, ॲडमिशन, पहिल्या वर्षी २०६ हाडं. सगळं पाठांतरावर निभावतं. आणि दुसऱ्या वर्षी खांद्याच्या स्नायूवर एक तिरपा बाण उगवतो, बाणाच्या बगलेत थीटा. “मामा, डेल्टॉइडमध्ये कॉस कशाला?” हे तिनं मला रात्री साडेअकराला विचारलं. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. कॉसबद्दल मला एवढंच आठवत होतं, की तो साइनच्या शेजारी राहतो.

या विषयाची गोम अशी, की हा दोन घरचा पाहुणा आहे आणि म्हणीप्रमाणे उपाशी आहे. ज्याला बल कळतं त्याला स्नायू कळत नाही, ज्याला स्नायू कळतो त्याला बलाचं नाव काढलं की घाम फुटतो. पुलांची डिझाइनं करणारा माझा चुलतभाऊ आला, त्यानं पहिल्याच संध्याकाळी गुडघ्याला बिजागरी धरलं. भाची म्हणाली, “पण काका, पाय पूर्ण सरळ होताना शेवटी शेवटी गुडघा थोडा फिरतो पण, स्क्रूसारखा. तेव्हा तो लॉक होतो.” भाऊ चहा खाली ठेवून म्हणाला, “मग डिझाइन चुकलंय,” आणि पुन्हा आला नाही. इंटर्नशिप करणाऱ्या एका ताईनं “पाठच कर गं, आम्ही पण तेच केलं” असा गुरुमंत्र दिला. नीटला फिजिक्स शिकवणारे एक सर होते, पण चार पर्याय दिल्याशिवाय त्यांना उत्तर सुचत नव्हतं.

शेवटी पत्ता लागला तो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. कुठल्या विषयाला कोण तारतो हे त्याच्याइतकं प्राचार्यांनाही ठाऊक नसतं. तो कागद मोजता मोजता म्हणाला, “बायोमेक? मग टॉर्क सरच. फक्त त्या दिवशी दारात चपला बऱ्या ठेवा.”

टॉर्क सर हे एका माणसाचं नाव नाही, हा एक प्रकार आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर ॲप्लाइड मेकॅनिक्स शिकवलेलं, पहिल्या वर्षाची पोरं नापास करून करून हात दुखलेले, आणि रिटायर झाल्यावर स्वतःचा एखादा सांधा बिघडलेला. सामान्य माणसाचा खुबा दुखला की तो डॉक्टरकडे जातो. हे लोक पुस्तक आणतात. आमच्या सरांनी नॉर्किन आणि लेवांगी बाईंचं जाडजूड पुस्तक रद्दीतून किलोच्या भावानं आणलं होतं आणि त्यात पेन्सिलीनं ठिकठिकाणी ‘दिशा?’ असं लिहिलं होतं.

सर आले तेव्हा बेल वाजली नाही. पाच मिनिटं कोणी आत येईना म्हणून मी दार उघडलं, तर ते माझी कोल्हापुरी हातात धरून उजेडात फिरवून बघत होते. “टाच मागून बाहेरच्या बाजूला झिजलीय, ते ठीक. माणूस टाच टेकतो तीच तिथे. पण डावीपेक्षा उजवी जास्त का?” मला काही तरी कबूल करायला हवं असं वाटलं, पण काय ते कळेना. सरांनी मला जिन्यापर्यंत चालून यायला सांगितलं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं. “एका पावलाच्या चक्रात साठ टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, चाळीस टक्के हवेत. तुमचा डावा लवकर उचलताय. खिशात काय आहे?” डाव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यानं काही होत नाही हे सरांनीच मागाहून सांगितलं. पण त्या दिवसापासून मी किल्ल्या कधी उजव्या खिशात ठेवतो, कधी डाव्या, आणि चालताना दोन्ही पाय माझे आहेत असं वाटत नाही.

माझी ताई, म्हणजे भाचीची आई, “बसा ना सर” म्हणत चहा घेऊन आली. सर उभेच. १९६०च्या दशकात नाखेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता आणि उभ्यापेक्षा बसलेल्या माणसात तो जास्त भरला होता. ही गोष्ट ऐकताना ताई स्वतः अर्धवट बसली होती. ती तशीच अधांतरी राहिली. पाहुणा उभा असताना यजमानीणबाईंनी बसावं कसं, आणि चकतीवर दाब आणून बसावं तरी कसं?

फी त्यांनी सांध्यावर लावली होती. घोटा, गुडघा, कोपर यांचा दर एक. खांद्याचा जास्त, कारण तो ‘एक नाही, चार सांधे आहेत’. कणा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महाग. खुब्याचे पैसे नाहीत. “खुबा माझाच खराब आहे, तो शिकवताना मलाच फायदा होतो.”

नोट्स द्यायचे नाहीत. काढायचे ते फक्त आकृत्या, त्याही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला. मांडीच्या हाडातून मागचं ‘चि. सौ. कां.’ उलटं उमटायचं आणि गुरुत्वमध्यावर कुणाची तरी आत्या सहकुटुंब सहपरिवार उभी असायची. पण त्या पत्रिकांवर मला जे कळलं ते शाळेत कळलं नव्हतं. अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ, भार मध्ये. सर ताईला म्हणाले, “फळीवरचा डबा काढायला चवड्यावर उभ्या राहता ना? तुमचं पाऊल म्हणजे अडकित्ता, आणि सुपारी तुम्हीच.” चिमटा ही तिसरी, बल मध्ये, आणि आपला हात बहुतेक चिमट्याच्याच जातीचा. पाच किलो दळणाचा डबा हात काटकोनात दुमडून धरला, की तो कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर, आणि बायसेप्स हाडाला चिकटलाय ५ सेंटिमीटरवर. म्हणजे पाच किलोसाठी स्नायूनं ३५ किलोचा जोर लावायचा, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच.

“म्हणजे फसवलंच की आपल्याला,” मी म्हणालो.

“फसवलं नाही, सौदा केलाय. स्नायू बोटभर आखडतो आणि हात वीतभर जातो. जोर दिला, वेग घेतला. आमच्या बोरेलींनी सतराव्या शतकात मांडून ठेवलंय.” बोरेली हे इटलीतले, त्यांचं पुस्तक ते गेल्यानंतर, १६८०-८१मध्ये छापलं गेलं. पण सर ‘आमचे बोरेली’ असं म्हणत, की वाटावं, सांगलीकडचे असणार.

प्रात्यक्षिकाचा दिवस मी विसरणार नाही. गुरुत्वमध्य काढायचा होता. सरांनी सुताराकडून एक लांब फळी आणवली. एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर, मध्ये बरोबर दोन मीटर. त्यावर मी उताणा, पाय विटेकडे, हात अंगालगत. आधी फळीचं वजन वजा झालं. सर म्हणाले, “श्वास रोखा.” मी डोळेही मिटले. नेमकी त्याच वेळी भांड्यांची मावशी आली, तिनं हॉलमध्ये फळीवर मी, पायाशी वीट, उशाशी भाची मान खाली घालून आणि शेजारी काठी टेकून उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ, एवढं पाहिलं आणि “अगं बाई! सकाळी तर चांगले बोलत होते!” असा टाहो फोडला. समोरच्या वहिनी ओट्यावरचा गॅस न बंद करताच धावत आल्या. मी उठून बसलो, त्यानं मावशी आणखी घाबरली.

काटा मात्र तोवर वाचून झाला होता. ३६.७. माझं वजन ७८ किलो. भाचीनं पत्रिकेवर मांडलं: ३६.७ गुणिले २००, भागिले ७८, म्हणजे तळपायापासून ९४ सेंटिमीटर. माझ्या पाच फूट सात इंचांच्या ५५ टक्के. बेंबीच्या जरासं खाली. पुस्तकात लिहिलंय तिथेच. भाचीचा चेहरा असा झाला होता की जणू ती जागा तिनंच तिथे ठेवली. “साधं आहे हे!” ती म्हणाली. दीड महिन्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. सरांनी माझी समजूत घातली, “तुम्ही नशीबवान. १८८९ साली ब्राऊने आणि फिशर यांनी याच कामासाठी गोठवलेली प्रेतं घेतली होती.”

मावशीनं हे ऐकलं. ती त्या आठवड्यात आलीच नाही.

खुब्याचा धडा फुकट होता, म्हणून लांबला. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की उरलेलं सुमारे ५० किलो शरीर खुब्यापासून १० सेंटिमीटरवर लोंबकळतं. त्याला सावरणारा कुल्ल्याचा स्नायू फक्त ५ सेंटिमीटरवर. मग त्याला १०० किलो ओढावं लागतं, आणि सांध्यावर येतात दोन्ही मिळून दीडशे. वजनाच्या अडीचपट, प्रत्येक पावलाला. म्हणून काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात आणि पिशवी घ्यायची ती दुखऱ्याच बाजूला, म्हणजे तिचं वजन स्नायूच्या मदतीला येतं. सरांचा उजवा खुबा दुखरा. त्यामुळे काठी डाव्या हातात, लग्नपत्रिकांची पिशवी उजव्या. शास्त्राप्रमाणे अगदी चोख. फक्त जुलै महिना होता आणि छत्रीला हात उरत नव्हता.

मी म्हणालो, “सर, आजच्या दिवस पिशवी गळ्यात अडकवा.” सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बँकेत कशी नोकरी केली असेन याची त्यांना शंका आली. शेवटी भाची छत्री घेऊन त्यांना रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला निघाली. मी गॅलरीतून बघत होतो. फाटकाशी सर थांबले. पाऊस आडवा मारत होता.

“हात लांब करून छत्री धरलीयस. आत्ता तुझ्या खांद्यावर टॉर्क किती?”

भाची हिशेब करायला लागली. छत्रीचं वजन, दांड्यापर्यंतचं अंतर, हाताचं वजन आणि त्याचा मध्य. दोघंही भिजत होते. मग ती थांबली आणि म्हणाली, “सर, वारा धरायचा का?”

सर काठीवर रेलले, वर छत्रीकडे बघितलं, आणि भर पावसात विचार करत उभे राहिले.