आण्णांचे ज्यूल

गल्लीत कुणी टीव्ही नाहीतर फ्रिज आणला की खोका फुटायच्या आत आण्णा हजर. ते वायरमन नव्हेत. खेड्यातल्या झिरो वायरमनइतकेही कधी खांबावर चढलेले नाहीत. पण बीडमध्ये गल्लीगणिक असा एक आण्णा असतोच. पेनाच्या जागी खिशाला टेस्टर, आणि बोलायला सुरुवात परळीपासून.

"लाईट कुठं तयार होती? आपल्या परळीत. मग आपल्याच घरात व्होल्टेज कामून नाचतंय?"

2013 च्या दुष्काळात परळीचं वीजकेंद्रच पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, हे ते सोयीनं विसरतात.

स्पाईक गार्ड घ्यायला आण्णांना सुभाष रोडला न्यावंच लागतं. त्यांना लांबून बघूनच दुकानदार पोऱ्याला चहा सांगतो. आण्णा गार्ड आधी तळहातावर तोलतात. जड लागला तर माल भारी. मग, "ज्यूल किती?" दुकानदार खोक्यावरचा आकडा वाचतो. "एवढ्यानं काय हुतंय? वाढीव दाखव." ज्यूल म्हणजे काय, हे मात्र त्यांना विचारायचं नाही.

आत असते बटणाएवढी झिंक ऑक्साईडची चकती. 230 व्होल्टला ती गप्प बसते. दाब एकदम चढला की जादा वीज न्यूट्रलकडे, अर्थिंगकडे वळवते. तिनं किती मार सोसायचा, त्याचा अंदाज म्हणजे ज्यूल. मार खाऊन चकती संपली तरी बोर्ड चालूच राहतो, म्हणून ती शाबूत असल्याचा दिवा ज्यावर आहे तोच गार्ड घ्यावा. आणि हे सगळं क्षणभराच्या झटक्यापुरतं, म्हणजे सर्जपुरतं. सर्ज हा चहापुरता आलेला पाहुणा; डीपीचा न्यूट्रल तुटला की घरात चारशेच्या आसपास व्होल्ट मुक्कामालाच येतात. तिथं चकती जळते, मागोमाग टीव्ही. त्यासाठी व्होल्टेज चढताच लाईन तोडणारं वेगळं यंत्र लागतं. आण्णा त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण त्याच्या खोक्यावर ज्यूल छापलेले नसतात.

घरी आल्यावर खरी कारागिरी. भिंतीतलं सॉकेट दोन पिनांचं, गार्डला तीन. आण्णा पकड मागतात आणि वरची जाड पिन कटकन मोडतात. "ही नुसती शोभेची." म्हणजे अर्थिंगची वाट तिथंच बंद.

गंमत म्हणजे गल्लीतली सगळ्यात पक्की अर्थिंग आण्णांच्याच घरची. बांधकामाच्या वेळी इलेक्ट्रिशियननं मीठ-कोळसा घालून खड्डा भरला आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा म्हणून बजावलं. माती वाळली की अर्थिंग नावापुरती उरते. काकू कडाडल्या, "टँकरच्या रांगेत तुम्ही हुबं ऱ्हाता का? माणसाला प्यायला न्हाई, अन् खड्ड्याला घागर ओतू?" मग त्यांनीच भांडी घासल्याच्या पाण्याचा पाट खड्ड्याकडे वळवला. आता तिथं भर मे महिन्यात अळू माजतं, आणि वड्या गल्लीभर जातात.

यंदा वळवाच्या पहिल्या पावसात खांबाजवळ वीज पडली. दोन घरचे टीव्ही गेले. आण्णांचा वाचला.

"बघितलं? ह्याला म्हणत्यात ज्यूल!"

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं आण्णांना घेऊन सुभाष रोडला निघाली. या खेपेला पकड आण्णांनी घरूनच घेतली होती.