पिशवी गेली, पुडी राहिली

कॅन्सरशी लढावं कसं, हे जगानं आमच्या बीड जिल्ह्याकडून शिकावं. इतरत्र आधी आजार होतो, मग तपासणी, मग ऑपरेशन. एवढा वेळ आहे कुणाला? आमच्याकडे ऑपरेशन आधी उरकतात. आजार मागाहून आलाच, तर त्याला टेकायला जागा नको.

अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. "पिशवीला सूज आहे. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." वय तिशीच्या आगेमागे, दोन-तीन लेकरं झालेली, म्हणजे पिशवीची नोकरी संपलीच की! शिवाय हिशेबही सोयीचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत बाई फडावर आली नाही की खाडा, आणि खाड्याचा दंड मुकादमाच्या वहीत. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. ऑपरेशनचा खर्च? त्याला पुढच्या हंगामाची उचल आहेच. नंतर कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, ते तिचं तिनं बघावं. मोळी तर उचलावीच लागते.

२०१९ साली हे विधिमंडळात गाजलं. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं सरकारनंच सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक! एवढी कॅन्सरची काळजी मुंबई-पुण्याच्या बायकांचीही कुणी घेतली नसेल.

शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा, यात फारच मागासलेला. तिथं १९९९पासून लाखाच्या वर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशव्या जागच्या जागी ठेवून! असल्या तपासणीवर नर्सिंग होमचा दुसरा मजला कसा चढणार?

आता पुरुषमंडळींकडे वळू. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. बंदी इतकी कडक, की टपरीवाला पुडी समोर टांगत नाही, गल्ल्याखालून काढून देतो. सुपारी नुसती चघळली तरी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच सांगून ठेवलंय. आपण वर तंबाखू आणि चुना मळतो. घरात म्हातारी मिश्री लावते, पलीकडे सून कोपीत धुराच्या चुलीवर भाकरी थापते. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी पाळणा. लवकरच्या बाळंतपणानंही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण यातलं काहीच काढून टाकायला कुणी सांगत नाही. पिशवीचा न्याय तोंडाला लावायचा, तर गुटखा खाणाऱ्या प्रत्येक बाप्याचा जबडा आधीच काढून ठेवायला हवा. असा सल्ला देणारा डॉक्टर अजून जिल्ह्यात जन्माला यायचाय.

दिवाळी झाली की टोळ्या निघतील. बायांनो, त्याआधी सरकारी दवाखान्यात जा. तिशीपुढच्या बाईची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथं फुकट करायची, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आणि कुणी कॅन्सरचं नाव घेऊन पिशवी मागितली, तर तुकडा तपासल्याचा रिपोर्ट आधी हातात मागा.